हिरव्या रंगाखालचा मुकुट

आधीच सांगतो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. आयटी सल्लागार म्हणून नोकरी करतो, आणि एमबीएचा अभ्यासही त्या नोकरीपायीच केला. पण गेल्या महिन्यात एक प्रश्न घरातून आला आणि एक ऑफिसातून. दोन्हींचं उत्तर शोधता शोधता बरंच वाचन झालं. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

घरातला प्रश्न माझ्या अकरा वर्षांच्या मुलीचा. रविवारी ऊन पडलं होतं, म्हणून थालीपिठांचा डबा घेऊन आम्ही फिनिक्स पार्कात गेलो होतो. तिथला तो उंच दगडी स्तंभ तुम्ही पाहिलाच असेल. मुलं त्याच्या उतरत्या चौथऱ्यावर चढतात आणि घसरत खाली येतात. ते वेलिंग्टनचं स्मारक. उंची ६२ मीटर. १८१७ मध्ये काम सुरू झालं, मध्येच पैसे संपले, आणि पूर्ण व्हायला १८६१ उजाडलं. चौथऱ्याच्या चार बाजूंना काशाचे मोठे पत्रे बसवलेले आहेत. वॉटर्लूच्या लढाईत हाती लागलेल्या तोफा वितळवून ते ओतले. त्यातल्या एकावर भारतातल्या युद्धांचा देखावा आहे.

मुलीने विचारलं, "बाबा, कुठली युद्धं?"

मी सांगितलं, "आपलीच." वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली. जन्म १७६९, गाव हेच, डब्लिन. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातलं अडगाव आणि डिसेंबरात मेळघाटातला गाविलगड. चार-पाच महिन्यांत दख्खनचा नकाशा पालटला. वॉटर्लू त्यानंतर बारा वर्षांनी.

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग आयरिश लोकांनी इंग्रजांना घालवलं, तेव्हा हे पाडलं का नाही?"

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना मी हा किस्सा माझ्या पोलिश सहकाऱ्याला सांगितला. आयर्लंडमधल्या परदेशी समाजांत पोलिश लोक सर्वांत जास्त, तेव्हा तुमच्याही ओळखीत एखादं पोलिश कुटुंब असेलच. हा व्रोत्सवाफ शहराचा. तो हसून म्हणाला, "आमच्याकडे तर अख्खं शहरच दुसऱ्याचं होतं. आजीच्या घरातल्या नळांवर जर्मन अक्षरं होती. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच नळांवर असतात."

त्याच्या शहराची गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे आयर्लंडची समजायला सोपी जाईल.

१९४५ पर्यंत व्रोत्सवाफचं नाव होतं ब्रेस्लाऊ, आणि ते जर्मनीतलं मोठं शहर होतं. महायुद्ध संपलं आणि पोलंडचा नकाशाच पश्चिमेकडे सरकवला गेला. पूर्वेचा प्रदेश सोव्हिएत संघाने घेतला, त्याच्या बदल्यात जर्मनीचा पूर्व भाग पोलंडला मिळाला. ब्रेस्लाऊतल्या जर्मनांना घरं सोडून जावं लागलं. त्यांच्या जागी पोलिश कुटुंबं आली. त्यांतली बरीच स्वतःच विस्थापित होती, ल्वूफ म्हणजे आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव्हकडून आलेली. कुणाची तरी ताटं-वाट्या अजून कपाटात असलेल्या घरात ही माणसं राहायला गेली.

मग शहराचं काय झालं? दुकानांवरच्या जर्मन पाट्या रंग मारून झाकल्या. रस्त्यांना नवी नावं दिली. बाजार चौकात प्रशियाच्या राजाचा घोड्यावरचा पुतळा होता, तो गेला. १९५६ मध्ये तिथे फ्रेद्रो या पोलिश नाटककाराचा पुतळा बसला, आणि तो पुतळाही ल्वूफहून आणलेला, म्हणजे तोही विस्थापितच. पडलेल्या इमारतींच्या विटा काढून वॉर्सा उभारायला पाठवल्या. जर्मन कबरस्तानं सपाट केली. सरकार सांगत होतं की ही आपलीच जुनी भूमी, परत मिळालेली. पण लोकांच्या मनात धाकधूक होती की उद्या जर्मन परत आले तर? मग छप्पर कशाला दुरुस्त करायचं? कित्येकांनी म्हणे वर्षानुवर्षं बॅगा पुऱ्या उघडल्याच नाहीत.

ही धाकधूक लक्षात ठेवा. आयर्लंडच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

आता आपण राहतो त्या देशाकडे येऊ. एक फरक आधीच सांगायला हवा. व्रोत्सवाफमध्ये माणसं बदलली, वास्तू राहिल्या. आयर्लंडमध्ये माणसं बहुतेक तीच राहिली, राज्य बदललं. जमीनदार वर्गातले काही निघून गेले, काही इथेच राहिले. आणि वाडे, राजवाडे, पूल बांधणारे गवंडी-सुतार तर आयरिशच होते. त्यामुळे "हे कुणाचं?" हा प्रश्न इथे जास्त गुंतागुंतीचा.

आमच्या धंद्यात एक कंपनी दुसरीला विकत घेते, तेव्हा पहिल्या आठवड्यात काय बदलतं? नाव आणि रंग. आत जुनीच यंत्रणा चालू असते, कारण पगार तिच्यावर होत असतात. आयर्लंडने नेमकं हेच केलं.

आधी नावं बदलली. डब्लिनजवळच्या बंदराला १८२१ मध्ये राजा चौथा जॉर्ज येऊन गेला म्हणून किंग्सटाउन म्हणत. १९२० मध्ये ते पुन्हा डन लीरी झालं. आपल्यातले नवे आलेले लोक पाटी वाचून त्याचा उच्चार काय काय करतात, ते सोडा! कॉर्कजवळच्या कोव्हला १८४९ मध्ये राणी व्हिक्टोरिया आली म्हणून क्वीन्सटाउन नाव पडलं होतं, तेही १९२० मध्येच गेलं. किंग्ज काउंटीची ऑफली झाली, क्वीन्स काउंटीची लीश. डब्लिनचा सॅकव्हिल स्ट्रीट १९२४ मध्ये अधिकृतपणे ओ'कॉनेल स्ट्रीट झाला. ग्राफ्टन स्ट्रीट, डॉर्सेट स्ट्रीट मात्र तसेच राहिले.

मग रंग. १९२२ मध्ये सत्ता हाती आल्यावर नव्या सरकारने लाल टपालपेट्या हिरव्या रंगवल्या. पेट्या बदलल्या नाहीत. नव्या देशाकडे पैसे नव्हते आणि ओतीव लोखंड चांगलं होतं. म्हणून आजही जुन्या हिरव्या पेटीवर बोट फिरवलंत तर रंगाखाली व्हिक्टोरियाचं 'व्ही. आर.' किंवा सातव्या एडवर्डचं 'ई. आर.' आणि वर मुकुट हाताला लागतो. पहिली टपाल तिकिटंही तशीच होती: ब्रिटिश राजाचं चित्र आणि त्यावर काळ्या शाईत छापलेलं आयरिश सरकारचं नाव.

पण पुतळ्यांना रंग मारून भागत नाही. डब्लिनच्या कॉलेज ग्रीनमध्ये राजा तिसरा विल्यम १७०१ पासून घोड्यावर बसला होता. १९२८ मध्ये स्फोट झाला आणि त्यानंतर तो तिथून हलला. सेंट स्टीफन्स ग्रीनमधला दुसरा जॉर्ज १३ मे १९३७ ला उडवला. आदल्याच दिवशी लंडनला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला होता. फिनिक्स पार्कात लिमरिकच्या जनरल गॉफचा पुतळा होता. २९ डिसेंबर १८४३ ला ग्वाल्हेरजवळ महाराजपूरला शिंद्यांच्या फौजेला हरवणारा तो हाच गॉफ. १९४४ मध्ये कुणीतरी त्याचं डोकं कापून नेलं, १९५७ मध्ये पुतळाच उडवला. आज तो इंग्लंडच्या उत्तरेला एका किल्ल्याच्या आवारात दुरुस्त होऊन उभा आहे. गंमत म्हणजे या गॉफचा आणि ओ'कॉनेल स्ट्रीटवरच्या खुद्द ओ'कॉनेलचा शिल्पकार एकच, डब्लिनचा जॉन फोली. एकाला सुरुंग, दुसऱ्याला हार.

सर्वांत मोठा आवाज झाला तो नेल्सनच्या खांबाचा. १८०९ पासून तो ओ'कॉनेल स्ट्रीटच्या मधोमध, जीपीओसमोर उभा होता. ट्रॅम तिथून सुटायच्या, "खांबापाशी भेटू" असं लोक एकमेकांना सांगायचे, पैसे देऊन वर चढायचे. १९१६ च्या उठावाला पन्नास वर्षं होत होती. ८ मार्च १९६६ च्या मध्यरात्रीनंतर स्फोट झाला आणि वरचा भाग नेल्सनसकट खाली आला. कुणाचा जीव गेला नाही. उरलेलं बुंध सहा दिवसांनी लष्कराने उडवलं. नेल्सनचं दगडी डोकं आज पीअर्स स्ट्रीटच्या ग्रंथालयात ठेवलेलं आहे. मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा आहे. खांबाच्या जागी २००३ मध्ये १२० मीटरचा स्पायर उभा राहिला.

राणी व्हिक्टोरियाला मात्र नुसती बदली मिळाली. संसदेच्या दारात म्हणजे लेन्स्टर हाउससमोर ती १९०८ पासून बसली होती. १९४८ मध्ये तिला हलवलं. जवळजवळ चाळीस वर्षं ती सरकारी आवारांत पडून होती. मग ऑस्ट्रेलियाने मागणी केली, आणि १९८७ पासून ती सिडनीत एका मोठ्या बाजार-इमारतीसमोर बसली आहे. आपले सिडनीचे श्रोते तिच्याजवळून जात असतील.

इथवर ऐकून वाटेल की वास्तू गेल्या त्या रागाने. मलाही तसंच वाटत होतं. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की सुरुंगापेक्षा जास्त नुकसान निमूटपणे झालं.

जमीनदारांच्या मोठ्या घरांचं उदाहरण घ्या. १९२० ते १९२३ या काळात अशी सुमारे पावणेतीनशे घरं जाळली गेली. हा राग खराच होता. दुष्काळ, बेदखल्या, खंड, सगळं त्यात होतं. पण जी जळली नाहीत त्यांचं काय? जमिनी कुळांना वाटल्या गेल्या, उत्पन्न आटलं. छप्पर असलेल्या घरावर कर बसायचा, म्हणून काहींनी चक्क छप्परच उतरवलं. बाकीचं काम पावसाने केलं. गॉलवेतल्या कूल पार्कचं घर लेडी ग्रेगरीचं. डब्लिनचं ॲबी थिएटर स्थापन करणाऱ्यांपैकी ती एक. आयरिश लेखकांचं ते हक्काचं घर होतं. ते कुणी जाळलं नाही. लेडी ग्रेगरी १९३२ मध्ये वारली, मालकी सरकारकडे होती, आणि १९४१ मध्ये ते दगडासाठी पाडलं गेलं. आज तिथे नुसता चौथरा दिसतो. आपल्या गावाकडचे वाडे आठवा. ते काय इंग्रजांनी पाडले? वाटण्या, गळकं छप्पर, परदेशी गेलेले वारस आणि शेवटी बिल्डर. वारसांत आपणही आलो.

डब्लिनमध्येही तेच. फिट्झविल्यम स्ट्रीटवर जॉर्जियन घरांची लांबच लांब सरळ रांग होती. १९६० च्या दशकात सरकारी वीज कंपनीने त्यातली १६ घरं पाडून ऑफिस बांधलं. आयरिश जॉर्जियन सोसायटी १९५८ मध्ये स्थापन झाली होती. तिने विरोध केला, लोक रस्त्यावर आले, पण घरं गेली. ही घरं इंग्रजी अमलातली, परक्यांची, त्यांचं काय एवढं कौतुक, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. त्या विटा आयरिश हातांनी रचल्या होत्या, याची आठवण कमी जणांना होती.

मग वाचलं काय? ज्याला काम मिळालं ते वाचलं. डब्लिन कॅसल सातशे वर्षं इंग्रजी सत्तेचं ठाणं. १६ जानेवारी १९२२ ला मायकेल कॉलिन्सने तो ताब्यात घेतला. पाडला नाही. आज आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी तिथेच होतो. ते राहतात फिनिक्स पार्कातल्या त्याच घरात, जिथे पूर्वी राणीचे व्हाइसरॉय राहायचे. संसद भरते ती एका ड्यूकच्या हवेलीत. कस्टम हाउस तर १९२१ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनीच जाळलं होतं. राज्य हातात आल्यावर त्यांच्याच सरकारने ते पुन्हा बांधलं. पुढच्या वेळी लिफीच्या काठाने जाल तेव्हा घुमटाकडे बघा. खालचा दगड इंग्लंडहून आणलेला, फिकट. घुमट नव्याने बांधला तो आयरिश दगडात, म्हणून तो गडद दिसतो. शिवण लपलेली नाही.

पण एक वास्तू अशी आहे की तिला कामही नव्हतं आणि ती परक्याचीही नव्हती, आणि तिचेच हाल सर्वांत जास्त झाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतून लढताना मेलेल्या आयरिश सैनिकांचं स्मारक-उद्यान, आयलंडब्रिजला, लिफीच्या काठी. ४९,४०० जणांच्या स्मरणार्थ. नकाशा एडविन लटियन्सचा, ज्याने नवी दिल्ली आखली तोच. १९३० च्या दशकात काम बहुतेक पूर्ण झालं, पण रीतसर उद्घाटन काही झालं नाही. मेलेली मुलं इथलीच, शेजारपाजारची. पण अंगावर गणवेश चुकीचा. त्यांचं नाव घ्यायचं म्हणजे इंग्रजांची बाजू घेतल्यासारखं वाटे. बाग रानासारखी माजली, तिथे कचरा पडू लागला. अखेर दुरुस्ती होऊन १९८८ मध्ये ती रीतसर उघडली. १९९८ मध्ये उत्तर आयर्लंडचा शांतता करार झाला. मे २०११ मध्ये ब्रिटनची राणी आणि आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी शेजारी उभं राहून तिथे पुष्पचक्र वाहिलं. सही-शिक्का झाला म्हणायचा.

आता व्रोत्सवाफची ती धाकधूक आठवा. १९९० मध्ये जर्मनी आणि पोलंडने सीमेचा करार केला आणि जर्मन परत येणार नाहीत हे पक्कं झालं. मग काय झालं? त्याच शहरातले पोलिश लोक जुना जर्मन इतिहास आवडीने शोधू लागले. १९१३ मध्ये जर्मनांनी बांधलेल्या काँक्रीटच्या भव्य सभागृहासाठी २००६ मध्ये त्यांनी युनेस्कोचा दर्जा मिळवला. सपाट केलेल्या कबरस्तानांमधले उरलेले दगड गोळा करून २००८ मध्ये एका बागेत त्यांचं स्मारक बांधलं. ज्या शहराने कबरी पुसल्या, त्याच शहराने त्यांची आठवण बांधली. मध्ये गेली ती एक भीती.

मला सापडलेलं उत्तर एवढंच आहे, मंडळी. दुसऱ्याने मागे ठेवलेलं आपण कधी सांभाळतो? मालक परत येणार नाही अशी खात्री झाली की. तोवर माणूस फोडतो किंवा दुर्लक्ष करतो. खात्री झाली की त्याला त्यातलं सौंदर्य दिसतं, आपल्या गवंड्याचा हात दिसतो.

मुंबईत आपण काही वेगळं केलं का? काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड १९६५ मध्ये उचलून राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात नेला. पण चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा आला, फक्त स्वार नसलेला. व्हीटीचं नाव १९९६ मध्ये बदललं. २००४ मध्ये त्याच इमारतीला युनेस्कोचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. तिथली दगडी पानं-फुलं आणि प्राणी जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडवली होती, तेव्हा अभिमान चुकीचा नव्हता.

पुढच्या रविवारी मी मुलीला पुन्हा फिनिक्स पार्कात नेलं. तिला म्हटलं, "वेलिंग्टन डब्लिनचा होता आणि दगड प्रचंड होता, हे तर आहेच. पण मुख्य म्हणजे आता त्याला घाबरायचं इथे कुणाला कारण उरलेलं नाही. तुझ्या घसरगुंडीइतकाच तो उरलाय."

तिने विचारलं, "आणि असईचं काय?"

ते सांगायचं काम आपलं, असं मी म्हणालो. काशाच्या पत्र्यावर जिंकणाऱ्याची बाजू कोरलेली असते. तिथे उभं राहून आपल्या मुलांना दुसरी बाजू सांगणारे डब्लिनमध्ये आपणच. त्यासाठी स्तंभ उभा असलेला बरा. नेल्सनचा खांब गेला तिथे आता बोट दाखवून सांगायला काही नाही.

तेव्हा मंडळी, या आठवड्यात एक करा. तुमच्या रस्त्यावरची जुनी हिरवी टपालपेटी शोधा आणि मुलांना तिच्यावर बोट फिरवायला सांगा. मुकुट लागला तर कुणाचा, ते त्यांनाच ओळखू द्या. आणि गावाकडच्या वाड्याच्या छपराची चौकशी करायला या रविवारी एक फोन लावा.

पुढच्या भागात भेटू. तोवर, नमस्कार!